बुलडोझरला दिसतो तो नकाशा आम्हाला का दिसत नाही?

२०२५ च्या जूनमध्ये ‘उमीद’ पोर्टल सुरू झालं आणि पुढचे सहा महिने आपल्या जमातींमध्ये एक नवा शब्द फिरत राहिला : जिओटॅगिंग. शाळेतला भूगोल सुटल्यापासून ज्यांनी अक्षांश-रेखांश हा शब्द उच्चारला नव्हता, असे विश्वस्त मोबाईल हातात घेऊन कब्रस्तानाच्या कोपऱ्याकोपऱ्यात उभे राहिले. जुने सातबारे शोधले गेले, हद्दीचे बिंदू टिपले गेले, मोहल्ल्यातल्या इंजिनिअर पोरांना रात्री उशिरापर्यंत फोन आले. त्या कायद्याबद्दल आपल्याला जे म्हणायचं आहे ते आपण म्हणत राहूच. इथे मला एवढंच नोंदवायचं आहे की, वेळ आली तेव्हा आपण सहा महिन्यांत नकाशा करायला शिकलो. कब्रस्तानाची हद्द आपण टिपली. त्याच मोहल्ल्यात जिवंत माणसं ज्या खोल्यांत राहतात, त्या खोल्या कुठल्या जमिनीवर उभ्या आहेत, हे मात्र आपल्यापैकी कोणी टिपलेलं नाही. आणि ज्यांनी टिपलं आहे, ते आपल्याला दाखवत नाहीत.

मी वसई-विरारबद्दल बोलतो आहे. शहर म्हणून हे गाव तरुण आहे. विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून जुलै २००९ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्यानंतर किती वाढली हे सांगायला जनगणनेची गरज नाही, सकाळी सातला नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभं राहिलं तरी पुरे. या शहराचा विकास आराखडा मुळात सिडकोने केला. राज्य सरकारने तो २००७ मध्ये मंजूर केला, म्हणजे महापालिका जन्मायच्या आधी. कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, हे सगळं त्या आराखड्यात रंगवलेलं आहे. नकाशा नव्हता असं कोणी म्हणू नये. नकाशा होता. तो कपाटात होता.

आता अगरवाल नगरी आठवा. नालासोपारा पूर्वेला ४१ इमारती उभ्या राहिल्या. जमीन आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. ४१ इमारती एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. पाया खणला गेला, स्लॅब पडले, वीज आली, माणसं राहायला आली, त्यांची मुलं शाळेत जाऊ लागली. पुढे उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या सगळ्या इमारती पाडल्या गेल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबं रस्त्यावर आली. पाडकामाच्या दिवशी पोलिसांकडे, अधिकाऱ्यांकडे, यंत्र चालवणाऱ्याकडे नेमका नकाशा होता; कुठली भिंत आरक्षणात येते आणि कुठली येत नाही, याबद्दल कोणालाही शंका नव्हती. हाच नकाशा पहिल्या खरेदीदाराने पहिले एक लाख रुपये मोजले त्या दिवशी त्याच्यासमोर असता, तर? न्यायालयाच्या आदेशाशी माझं भांडण नाही. माझं भांडण या वरातीमागून येणाऱ्या घोड्याशी आहे.

आणि या प्रकारात चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती अशी. आपल्या राज्यातल्या महापालिका कायद्यात कलम २६७-क आहे. अनधिकृत बांधकामावर नेहमीच्या मालमत्ता कराशिवाय कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची सोय त्यात आहे. म्हणजे इमारत अनधिकृत आहे हे कर विभागाला कळतं, वहीत लिहिलं जातं, त्यावर पैसेही मागितले जातात. मग तीच माहिती पुढच्या खरेदीदाराला का कळत नाही? घरपट्टीची पावती दाखवूनच तर दलाल गिऱ्हाईकाला सांगतो, ‘बघा, पालिकेची पावती आहे, काळजी कसली?’ सरकारच्या एका वहीत ती इमारत गुन्हा आहे, दुसऱ्या वहीत ती उत्पन्न आहे, आणि ज्याने आयुष्यभराची कमाई ओतली त्याला दोन्ही वह्या उघडून दाखवल्या जात नाहीत.

या दोन वह्या एकमेकींवर ठेवणं म्हणजेच भौगोलिक माहिती प्रणाली, जीआयएस. नाव मोठं आहे, कल्पना साधी आहे. पारदर्शक कागदांची चळत समजा. एका कागदावर सर्व्हे नंबर, दुसऱ्यावर आराखड्यातली आरक्षणं, तिसऱ्यावर किनारा नियमनाची म्हणजे सीआरझेडची रेषा, चौथ्यावर नाले आणि मोऱ्या, पाचव्यावर जमिनीची उंची, सहाव्यावर इमारती, सातव्यावर बांधकाम परवानग्या. सगळे कागद एकाच अक्षांश-रेखांशावर जुळवले की एका ठिकाणी बोट ठेवून वरपासून खालपर्यंत सगळं वाचता येतं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून खात्रीने सांगतो की, यात आता तांत्रिक अडचण उरलेली नाही. या कामाची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. क्यूजीआयएस कोणीही संगणकावर उतरवून घ्यावं. इस्रोचं ‘भुवन’ २००९ पासून आहे. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाला ढगांच्या आड, रात्रीसुद्धा साचलेलं पाणी टिपता येतं आणि त्याची चित्रं जगात कोणालाही मोफत मिळतात. आडवं येतं ते तंत्र नाही, मन आहे.

खोटी कागदपत्रं घ्या. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचं प्रकरण २०२२ मध्ये उघडकीला आलं. महापालिकेची बनावट परवानगीपत्रं करून त्या जोरावर महारेराची नोंदणी मिळवली होती. आपल्याकडेही विरार पोलिसांनी २०२३ मध्ये बनावट शिक्के आणि परवानग्यांचं असंच रॅकेट पकडलं. सामान्य माणूस फार तर काय करतो? कागद मागतो. त्याला कागद मिळतो, शिक्क्यासकट. खरा-खोटा ओळखायचा कसा? पण पालिकेने दिलेली प्रत्येक बांधकाम परवानगी पालिकेच्याच सार्वजनिक नकाशावर एक बिंदू म्हणून उमटली, तर बनावट शिक्का करणाऱ्याचा धंदाच बसेल. कागद विकणाऱ्याच्या हातात असतो, नकाशा त्याच्या हातात नसतो. गिऱ्हाईकाने मोबाईलवर जागेवर बोट ठेवावं. बिंदू असेल तर पुढे बोलावं, नसेल तर चहा पिऊन निघून यावं. एवढ्या साध्या सोयीने किती घरं वाचतील याचा विचार करा आणि मग ही सोय नसण्यात कोणाचा फायदा आहे, याचाही करा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. वसईचा भूगोल ज्याला माहीत आहे त्याला पूर समजावून सांगावा लागत नाही. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. डोंगरावरचं पाणी पश्चिमेकडे निघतं. वाटेत त्याला आधी महामार्ग आडवा येतो, मग रेल्वे. दोन्हींच्या खालच्या मोऱ्यांतून ते वाट काढतं. पुढे खाजणं, मिठागरं आणि खाडीची मुखं. पावसाचा जोर आणि समुद्राची मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला जागा नसते. ते थांबतं. पूर्वी थांबायला खाजणं होती, मिठागरं होती, पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये बावखलं होती. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं छोटं तळं. पावसाळ्यात तेच पाणी पोटात घेणारं भांडं. खाजणात भराव पडला, बावखलं बुजली, आणि पाणी आमच्या तळमजल्यावर थांबू लागलं.

जुलै २०१८ मध्ये ते दिवसचे दिवस थांबलं. नालासोपाऱ्याला रुळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, मिठागरातल्या वस्तीत शेकडो माणसं अडकली, वीज गेली ती लवकर आली नाही. त्या पुरानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांना पुराची कारणं शोधायला सांगितलं. पाणी धरून ठेवणारे तलाव हवेत, खाडीमार्ग मोकळे हवेत, असं त्यांनी सांगितलं. तुमच्यापैकी किती जणांनी तो अहवाल पाहिला? आपली गल्ली त्यातल्या नकाशात कुठल्या रंगात आहे हे किती जणांना माहीत आहे? तज्ज्ञांनी काम केलं, पैसे आपल्या करातून गेले, आणि पुढच्या पावसाळ्यात सामान कधी माळ्यावर चढवायचं हे आपण अजून शेजारच्या म्हाताऱ्या चाचांना विचारतो. त्या पुरानंतर मी एका सरकारी कार्यालयात जमिनीच्या उंचीचा नकाशा मागायला गेलो होतो. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, ‘तुम्हाला कशाला पाहिजे?’ आठ वर्षं हा प्रश्न माझ्या कानात आहे. ज्याच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं त्याला नकाशा कशाला पाहिजे!

आता आक्षेप घेऊ. कार्यालयांचा पहिला आक्षेप सुरक्षेचा असतो. तो आता टिकत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनेच नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बहुतेक बंधनं काढली. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात सार्वजनिक पैशातून झालेली अशी माहिती खुली असावी, हाच रोख आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर २००५ पासून सांगतं की अशी माहिती कोणी मागायची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. दुसरा आक्षेप असा की माहिती अपुरी आहे, लोकांचा गैरसमज होईल. अपुरी असेल तर अपुरी म्हणून लिहा. लोकांना सगळ्यात मोठा गैरसमज कोरा नकाशा पाहून होतो. तिसरा आक्षेप उघड कोणी बोलत नाही, पण खरा तोच आहे : पुराची रेषा दाखवली तर घरांचे भाव पडतील. पडू द्या. जो भाव खरेदीदाराच्या अज्ञानावर टिकतो, त्याला मी भाव म्हणत नाही, फसवणूक म्हणतो. व्यापारात मालातला दोष लपवणं आपल्या धर्मात काय आहे, हे मोहल्ल्यातल्या लहान मुलालाही माहीत आहे. मग आपल्यातलेच काही बिल्डर आणि दलाल जुम्याला पहिल्या सफेत बसून खाजणातल्या चाळी विकतात, त्यांना कोणी विचारायचं?

पण सगळ्यात गंभीर आक्षेप आपल्या वस्तीतून येतो आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. लोक म्हणतात, ‘भाई, आमची गल्ली नकाशावर टाकू नका. नकाशावर आली की बुलडोझर येईल.’ गेल्या काही वर्षांत देशभर जे पाहिलं, त्यानंतर ही भीती खोटी नाही. आमच्या नावावर अनेक सोसायट्यांमध्ये भाड्याने घर मिळत नाही. जिथे मिळतं तिथे परवडत नाही. म्हणून माणूस पूर्वेला सरकत सरकत धानीव बाग, पेल्हार, संतोष भुवनच्या पुढे जातो आणि साध्या नोटरीच्या कागदावर खोली घेतो. तो कायदा मोडायला गेलेला नसतो, डोक्यावर छप्पर शोधायला गेलेला असतो. आणि तो एकटा मुसलमान नसतो. शेजारच्या खोलीत उत्तर भारतीय रिक्षावाला असतो, पलीकडे कोकणातून आलेला गिरणी कामगाराचा मुलगा, त्याच्या पलीकडे आदिवासी पाड्यातलं कुटुंब.

तरीही माझं उत्तर आहे की लपून राहणं हा बचाव नाही. अगरवाल नगरीचा नकाशा आपण केला नव्हता, तरी बुलडोझर आला. उपग्रहाला आपली गल्ली आजच दिसते. दिसत नाही ती फक्त आपल्याला. नकाशा नसल्याने पाडकाम टळत नाही. टळते ती फक्त पुनर्वसनाची मागणी, कारण किती घरं होती, कधीपासून होती, कोण राहत होतं, याचा आपल्याकडे पुरावा नसतो. मात्र अटी घालूनच नकाशा करायचा. धोक्याच्या नकाशात कोणाचं नाव नको, धर्म नको, जात नको. घराची जागा, जमिनीची उंची, पाण्याची खूण, एवढंच. आणि धोक्याची रेषा दाखवून कोणाला हलवायचं असेल, तर आधी पर्यायी घर, मग नोटीस. ही अट सरकारने स्वतःहून घालण्याची वाट पाहत बसलो, तर ती कधीच घातली जाणार नाही. आपल्याकडे आपला नकाशा असेल, तरच ती टेबलावर मांडता येईल.

नकाशाने सगळं सुटतं असा माझा दावा नाही. २६-२७ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ माणसं गेली. अनधिकृत इमारत होती. उपग्रहाला खांबाच्या आतली गंजलेली सळई दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण कायद्याने संरचनात्मक तपासणी सक्तीची होते ती इमारतीला ३० वर्षं झाल्यावर, आणि ही इमारत त्याच्या निम्म्याहूनही कमी वयाची होती. वयाची यादी करून अशी इमारत सापडली नसती. परवानगी नसलेली, मऊ भरावाच्या जमिनीवरची, दरवर्षी पायात पाणी साचणारी, अशा तीन-चार थरांवर एकदम बोट ठेवलं, तर कुठल्या इमारती आधी तपासायच्या याची यादी वर येते. शेवटी तिथे माणसानेच जायचं असतं. पण कुठे जायचं हे तरी कळतं.

हेही मान्य की फुकट मिळणारी उंचीची माहिती साधारण ३० मीटरच्या चौकटींची असते आणि तिच्यात काही मीटरची चूक असू शकते. आपल्याकडे एका फुटाने फरक पडतो. एका फुटावर गल्लीत पाणी असतं, दोन फुटांवर ते उंबरा ओलांडतं. नदीकाठच्या शहरांसाठी पाटबंधारे खातं २५ वर्षांतून एकदाच्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदाच्या पुराची लाल रेषा आखतं. सांगली-कोल्हापूरकरांना त्या पाठ आहेत. आपलं पाणी एका नदीचं नाही. पाऊस, भरती आणि तुंबलेला नाला यांचं मिळून ते येतं, म्हणून एका रेषेने भागत नाही. मुंबईसाठी २०२० मध्ये ‘आयफ्लोज’ ही पूर इशारा प्रणाली सुरू झाली. पाऊस, भरती, जमिनीची उंची, नाले आणि वस्ती यांचे थर जोडून पाणी कुठे किती चढेल याचा अंदाज ती देते. ढग काही दहिसरला थांबत नाहीत. लोकलने रोज मुंबईचं काम करायला जाणाऱ्या माणसांच्या शहराला तशीच प्रणाली का नको?

या मागणीसाठी दारही उघडं आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाली आणि महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची तरतूद आली. २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर या शहरात कित्येक वर्षं प्रशासकच कारभार पाहत होता. प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. आता ‘कोणाला विचारायचं’ ही सबब आपणही पुढे करू नये.

पालिकेकडे मागायचं ते मोजकं आहे. विकास आराखडा, आरक्षणं, सीआरझेडची रेषा, नाले आणि जमिनीची उंची सर्व्हे नंबरनिहाय एकाच खुल्या नकाशावर, मराठीत. दिलेली प्रत्येक परवानगी आणि अनधिकृत म्हणून नोंदलेली प्रत्येक इमारत त्याच नकाशावर. प्रत्येक पावसाळ्यानंतर कुठे किती पाणी चढलं याची नोंद त्याच नकाशावर. आणि सरकारकडे एक मागणी : दस्तनोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने नोंदणीआधी तो नकाशा उघडून खरेदीदाराला दाखवावा.

आपल्याकडून मागायचं तेही सांगतो. पूर आला की आपण मदतीला धावतो. खिचडीची डेग चढते, चादरी वाटल्या जातात, मशिदीचे दरवाजे सगळ्यांसाठी उघडतात. त्याचा मला अभिमान आहे. पण दरवर्षी तीच डेग त्याच गल्लीत चढवणं ही खिदमत अर्धीच आहे. या पावसाळ्यात प्रत्येक मशिदीच्या, शाळेच्या, दुकानाच्या भिंतीवर पाणी चढलं तिथे तारखेसह रंगाची रेघ मारा. ज्या पोरांनी कब्रस्तानाचे बिंदू टिपले, तीच पोरं त्या रेघांचे बिंदू टिपतील. हे काम एकट्या आपल्या वस्तीपुरतं ठेवू नका. हरित वसईची चळवळ चालवणाऱ्या पश्चिम पट्ट्यातल्या ख्रिस्ती आणि वाडवळ शेजाऱ्यांकडे बावखलांची आठवण आहे. ती आणि आपल्या पाण्याच्या रेघा एकाच कागदावर आल्या पाहिजेत. आणि जुम्याच्या खुतब्यानंतर दोन मिनिटं यासाठी मागा. मुलीचं लग्न ठरवताना आपण मुलाच्या मामाच्या गावापर्यंत चौकशी करतो, खोली घेताना मात्र दलालाच्या कसमेवर विश्वास ठेवतो.

हे आपल्याला परकं आहे असंही नाही. सोपारा या बंदराचं नाव हजार वर्षांपूर्वीच्या अरब भूगोलकारांनी ‘सुबारा’ म्हणून लिहून ठेवलं. अल-मसऊदी आणि अल-बिरूनी यांच्या ग्रंथांत ते आहे. शहरातले रस्ते, पाणी आणि मोडकळीला आलेल्या भिंती यांवर नजर ठेवणारा मुहतसिब हा इस्लामी शहरांतला जुना अधिकारी. धोका माहीत असून गप्प बसणं त्याला माफ नव्हतं. माहिती ही अमानत आहे. ज्याची आहे त्याच्याकडे ती वेळेवर पोहोचली पाहिजे, पाणी उंबऱ्याशी येण्याआधी आणि बुलडोझर गल्लीच्या तोंडाशी येण्याआधी.

मृगाला फार दिवस राहिलेले नाहीत. रंगाचा डबा आणि ब्रश आणून ठेवा.